मंडेला : ओर्लँडोची तालीम आणि चान्सलर हाउसचं ऑफिस

तांबडी_माती
नेल्सन मंडेलांबद्दल "बॉक्सर होता, पुढे गोरगरिबांचा वकील झाला" अशा एका ओळीचा मजकूर सारखा फिरत असतो. त्यातला क्रम चुकीचा आहे. बॉक्सिंगची तोंडओळख फोर्ट हेअर कॉलेजात झाली, पण नेमाने तालीम सुरू झाली ती जोहान्सबर्गला आल्यावर. १९५२ मध्ये वकिलीची सनद मिळाली आणि पुढची काही वर्षं कोर्ट आणि तालीम ही दोन्ही कामं एकाच दिवसात, सकाळ-संध्याकाळ चालली. ते व्यावसायिक बॉक्सर कधीच नव्हते.

"अन्यायाशी दोन हात" वगैरे भाषा बाजूला ठेवून दोन जागांबद्दल नेमकी माहिती इथे गोळा करू या. एक म्हणजे ओर्लँडोच्या कम्युनिटी सेंटरमधली तालीम आणि दुसरी म्हणजे फॉक्स स्ट्रीटवरच्या चान्सलर हाउसमधलं 'मंडेला अँड टांबो' हे ऑफिस. तिथे रोज काय चालायचं, पक्षकाराला नक्की काय मिळायचं, काम कुठे अडायचं? कायद्याची बाजू माहीत असणाऱ्यांनी जरूर लिहावं.

रिंगसाइड
तालमीपासून सुरुवात करतो. सोवेटोतल्या ओर्लँडोमध्ये डोनाल्डसन ओर्लँडो कम्युनिटी सेंटर आहे. तालीम तिथेच चालायची. सभासद वीस-तीस. शिकवणारे स्किपर अडोनिस मोलोसी, स्वतः माजी चॅम्पियन. सामान इतकं तोकडं की आज एखाद्या तालुक्याच्या क्रीडा संकुलातही याहून जास्त सापडेल. पंचिंग बॅग एकच, ग्लोव्हजच्या थोड्याशा जोड्या. मेडिसिन बॉल नाही, स्पीड बॉल नाही, तोंडात धरायचे गार्ड नाहीत, हेडगार्डही जवळजवळ कुणाकडे नाही. आणि रिंगच नाही! सराव थेट सिमेंटच्या जमिनीवर.

रिंग नसण्याचा खरा धोका बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. रिंगच्या फळ्यांवर गादी आणि वर ताणलेलं कॅनव्हास असतं ते पडणाऱ्यासाठी. गुद्दा बसून शुद्ध हरपली की माणूस हात टेकून स्वतःला सावरू शकत नाही आणि डोक्याचा मागचा भाग सरळ जमिनीवर आदळतो. गुद्द्यापेक्षा हा दुसरा आघात पुष्कळदा जास्त घातक असतो. खाली सिमेंट आणि डोक्याला हेडगार्ड नाही, अशा ठिकाणी जोडीदाराशी सराव करताना पूर्ण ताकदीने मारून चालतच नाही. अंतर राखणं, हूल देणं, गुद्दा चुकवणं यांवरच भर द्यावा लागतो.

सोमवार ते गुरुवार, संध्याकाळी दीड तास. पहिला तासभर धावणं, दोरीच्या उड्या, अंगमेहनतीचे व्यायाम, शॅडो बॉक्सिंग (म्हणजे समोर कुणी नसताना हवेत गुद्दे मारण्याचा सराव). मग पंधरा मिनिटं जमिनीवरचा व्यायाम, थोडं वजन उचलणं आणि शेवटी जोडीदाराशी सराव. कुणाची लढत जवळ आली असेल तर वेळ अडीच तासांवर जायची. सराव घेण्याची पाळी आळीपाळीने प्रत्येकावर यायची. मंडेला मुलाला, थेंबीला, बरोबर न्यायचे. त्या वेळी तो दहाएक वर्षांचा. थेंबीची पाळी आली की तो वडिलांनाही सगळ्यांसमोर झापायचा.

खेळाडू म्हणून मंडेला वजनाने हेवीवेट. ताकद कमी पडते ती भरून काढण्याइतका वेग नाही आणि वेग कमी पडतो तो भरून काढण्याइतकी ताकद नाही, असं मूल्यमापन त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्यांना रस होता तो मारामारीपेक्षा त्यामागच्या शास्त्रात : अंग कसं वाचवायचं, कधी पुढे सरायचं, कधी मागे, दम शेवटपर्यंत कसा पुरवायचा.

तांबडी_माती
त्यांचा छतावरचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. १९५७ चा, जेरी मोलोई यांच्याबरोबर सराव करतानाचा. जागा जोहान्सबर्गमधल्या एका वृत्तपत्र कचेरीची गच्ची. 'ड्रम' मासिकाचे बॉब गोसानी यांनी काढलेला. तो सामना नव्हे. मोलोई मात्र खरेच लढणारे खेळाडू होते.

रिंगसाइड
त्या तालमीने चॅम्पियन दिले, हे सांगायचं राहिलं. बँटमवेटमध्ये 'ब्लॅक मटेरियल' म्हणून ओळखले जाणारे एरिक न्त्सेले. फ्लायवेटमध्ये ट्रान्सवाल प्रांताचे चॅम्पियन फ्रेडी 'टोमाहॉक' न्गिडी. हे न्गिडी दिवसा 'मंडेला अँड टांबो'मध्ये मदतनीस म्हणून कामाला होते. एकाच माणसाबरोबर दिवसा फायली आणि संध्याकाळी ग्लोव्हज. तालीम आणि ऑफिस यांमधला हा प्रत्यक्ष दुवा मला कुठल्याही रूपकापेक्षा मोलाचा वाटतो.

निवाडा
आता वकिलीकडे येतो. मंडेलांनी विट्स विद्यापीठात एलएलबीला प्रवेश घेतला होता, पण ती पदवी त्या काळात पूर्ण झाली नाही. मग वकील झाले कसे, हा प्रश्न हमखास येतो. दक्षिण आफ्रिकेत अ‍ॅटर्नी आणि अ‍ॅडव्होकेट असे दोन वेगळे पेशे होते. अ‍ॅटर्नी पक्षकाराला भेटणार, कागद तयार करणार, मॅजिस्ट्रेट कोर्टात उभा राहणार. सुप्रीम कोर्टात युक्तिवाद करायचा तो अ‍ॅडव्होकेटने. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेतली जुनी सॉलिसिटर-काउन्सेल पद्धत ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच समजेल. अ‍ॅटर्नी होण्यासाठी एलएलबी लागत नव्हती. आर्टिकल्ड क्लर्क म्हणून ठरावीक वर्षं उमेदवारी आणि त्यावर पात्रता परीक्षा, एवढं पुरे होतं.

उमेदवारीची जागा मिळणं हीच अडचण होती, कारण कृष्णवर्णीय मुलाला आर्टिकल्स देणाऱ्या फर्म हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पुढे चळवळीतले सहकारी झालेले वॉल्टर सिसुलू यांनी मंडेलांना लाझर सिडेल्स्की या वकिलाकडे नेलं. तिथून 'विटकिन, सिडेल्स्की अँड आयडेलमन'मध्ये प्रवेश मिळाला. १९५२ मध्ये सनद, त्याच वर्षी ऑगस्टात स्वतःचं ऑफिस, आणि वर्ष सरता सरता ऑलिव्हर टांबोंशी भागीदारी. टांबो पूर्वी सेंट पीटर्स शाळेत गणित-विज्ञान शिकवत. शांत, कागद बारकाईने पाहणारे. कोर्टात आवाज चढवून, हातवारे करून बोलणारे होते ते मंडेला.

"पहिले कृष्णवर्णीय वकील" असं कुणी लिहिलं तर ते दुरुस्त करा. आल्फ्रेड मांगेना १९१० मध्येच अ‍ॅटर्नी झाले होते.

जुनी_पेठ
एक शंका. पास, म्हणजे काळ्या माणसाला शहरात वावरायला लागणारा परवाना. पासचे खटले म्हणजे "पास होता की नव्हता" इतकंच ना? त्यात वकील करणार काय? पास नसेल तर शिक्षा ठरलेलीच.

निवाडा
नाही. आणि या ऑफिसचं मोल समजायचं असेल तर इथेच थांबायला हवं, म्हणून सविस्तर लिहितो.

१९५२ च्या कायद्याने जुने सुटे पास रद्द झाले आणि त्यांच्याऐवजी एकच 'रेफरन्स बुक' आलं. कायद्याच्या नावात "पास रद्द करणे" असे शब्द आहेत, प्रत्यक्षात पास आणखी जाड झाला. फोटो, नोंदणी क्रमांक, कराच्या पावत्या, शहरात राहण्याची परवानगी, मालकाची दर महिन्याची सही, सगळं त्यात. १६ वर्षांवरच्या माणसाने ते कायम अंगावर बाळगायचं. पोलिसाने मागितलं आणि त्या क्षणी दाखवता आलं नाही, तर तेवढाच गुन्हा. घरी खुंटीवरच्या कोटात आहे, हे सांगून उपयोग नाही.

दुसरा कायदा नागरी क्षेत्रांचा, १९४५ चा. त्याचं कलम १०. परवानगीशिवाय शहरात ७२ तासांपेक्षा जास्त राहायचं नाही. सूट कुणाला? (अ) त्या शहरात जन्मून तिथेच कायम राहिलेल्याला. (ब) एकाच मालकाकडे सलग १० वर्षं काम केलेल्याला, किंवा १५ वर्षं सलग आणि कायदेशीरपणे राहिलेल्याला. (क) अशा माणसाची बायको, अविवाहित मुलगी आणि १८ वर्षांखालचा मुलगा यांना. बाकी सगळे (ड) मध्ये, म्हणजे अधिकाऱ्याच्या परवान्यावर. ७२ तास उलटलेले नाहीत हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर!

आता वकिलाचं काम बघा. आधी पुस्तक पानोपान तपासायचं. शिक्का कुठल्या कचेरीचा, कुठल्या महिन्याची सही नाही, नोकरी सुटल्याची नोंद कुणी आणि कधी केली. मग माणूस (अ) किंवा (ब) मध्ये बसतो का हे पाहायचं. त्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला, शाळेच्या रजिस्टरातला उतारा, भाड्याच्या पावत्या, जुन्या मालकांची पत्रं. ते गोळा करायला तारीख हवी आणि तारखेपर्यंत माणूस बाहेर हवा, म्हणजे जामीन. वकील नसलेल्या आरोपीचा खटला काही मिनिटांत उरकायचा : नाव, पुस्तक नाही, दंड किंवा तुरुंग, पुढचा. वकील उभा राहिला म्हणजे निदान घाई थांबायची आणि पुरावा मागितला जायचा.

हे खटले हरायचे ते बहुतेक 'सलग' या एका शब्दावर. नवव्या वर्षी मालक बदलला की दहा वर्षांची मोजणी पुन्हा एकपासून. बाप वारला म्हणून गावी जाऊन महिने राहिला तर अधिकारी म्हणणार खंड पडला. जोहान्सबर्गमध्ये कमावलेला हक्क शेजारच्या जर्मिस्टनमध्ये चालत नाही, कारण हक्क त्या-त्या क्षेत्रापुरता. मालकाने सही करायची विसरली तर पकडला जाणार नोकर. गावाकडून आलेल्या बाईचा नवरा स्वतः (ड) मध्ये असेल तर तिला (क) चा काहीच आधार नाही.

जुनी_पेठ
इतकं गुंतागुंतीचं असेल असं वाटलं नव्हतं. माझी शंका मागे घेतो. प्रत्यक्ष कोर्टातलं काही?

कारकून
दोन प्रसंग मंडेलांनी स्वतः नोंदवलेत.

पहिला : मोलकरणीवर मालकिणीचे कपडे चोरल्याचा आरोप. जप्त केलेले कपडे कोर्टात टेबलावर मांडलेले. मंडेलांनी ते नुसते पाहिले, मग पेन्सिलीच्या टोकावर एक अंतर्वस्त्र उचललं, साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे वळले आणि मालकिणीला विचारलं, हे तुमचं का? भरकोर्टात हो म्हणायची तिला लाज वाटली. ती नाही म्हणाली. एवढ्यावर आणि पुराव्यातल्या इतर विसंगतींवर खटला निकालात निघाला. पेन्सिलच का, हाताने का नाही, याचा विचार करून पाहा. पेन्सिलीवर धरली की ती वस्तू साऱ्या कोर्टाला दिसते, आणि उचलणाऱ्याने तिला हात लावला असंही कुणाला म्हणता येत नाही.

दुसरा : लष्करात नोकरी केलेला एक माणूस. तो मिश्रवंशीय, पण सरकारदरबारी 'आफ्रिकन' म्हणून नोंदला गेलेला. त्या एका शब्दावर राहायची जागा, पास, नोकरी, सगळंच बदलतं. मंडेला कागद आणि साक्षी घेऊन गेले. अधिकाऱ्याने कागदांकडे फारसं पाहिलंच नाही. माणसाला पाठमोरं उभं केलं, उतरते खांदे पाहिले आणि मिश्रवंशीय असा निकाल दिला. खटला जिंकला, तो खांद्यांच्या उतारावर. तयारी करून गेलेल्या वकिलाला असा विजय किती लागला असेल!

उलटतपासणीतही अडचण होती. काही गोरे साक्षीदार काळ्या वकिलाच्या प्रश्नाला उत्तरच द्यायचे नाहीत. मॅजिस्ट्रेटने कोर्टाच्या अवमानाची कारवाई करायला हवी, पण तो तेच प्रश्न स्वतःच्या तोंडाने विचारायचा आणि साक्षीदार त्याला उत्तरं द्यायचा. म्हणजे उलटतपासणीतला वेग, एका उत्तरावर लगेच दुसरा प्रश्न टाकण्याची सोय, सगळी हातची जायची. केम्प्टन पार्कच्या एका मॅजिस्ट्रेटने तर सनदेचा कागद दाखवल्याशिवाय वकील मानायलाच नकार दिला होता.

तांबडी_माती
जागेबद्दल : चान्सलर हाउस मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या समोरच. इमारत भारतीय मालकांची. शहराच्या मध्यावर आफ्रिकन माणसाला ऑफिस भाड्याने मिळेल अशा मोजक्या जागांपैकी एक. सकाळी ऑफिसात शिरायचं तर जिन्यापासून व्हरांड्यापर्यंत बसलेल्या माणसांतून वाट काढत जावं लागे.

आणि ती जागाही बेकायदा ठरली. शहरात ऑफिस ठेवायला मंत्र्याची परवानगी लागेल असं कळवण्यात आलं. तात्पुरता परवाना मिळाला, मुदत संपल्यावर नूतनीकरण नाही. दूरच्या आफ्रिकन वस्तीत जा, असा हुकूम. वस्तीत ऑफिस नेलं तर नोकरीच्या वेळेत पक्षकार पोचणार कसा आणि वकील कोर्टात वेळेवर येणार कसा? दोघांनी जागा सोडली नाही. कधीही हुसकावलं जाण्याच्या टांगत्या तलवारीखाली तिथूनच काम केलं.

कारकून
सरकारच्या बंदी-आदेशांनी, म्हणजे चळवळीतल्या माणसाच्या फिरण्यावर बंधनं घालणाऱ्या हुकमांनी, तर कामाचं गणितच बिघडवलं. ३ सप्टेंबर १९५३ ला मंडेला ऑरेंज फ्री स्टेटमधल्या व्हिलियर्स या छोट्या गावी एका खटल्यासाठी गेले होते. तिथेच दोन वर्षांची बंदी हातात पडली. जोहान्सबर्ग जिल्ह्याबाहेर जायचं नाही. म्हणजे बाहेरगावची कोर्टं टांबोंच्या अंगावर, किंवा दर वेळी पोलिसांकडे अर्ज.

निवाडा
सनद काढून घ्यायचा प्रयत्नही झाला. अन्यायी कायदे उघडपणे मोडण्याच्या १९५२ च्या कायदेभंग मोहिमेबद्दल मंडेलांना नऊ महिन्यांची, दोन वर्षांसाठी स्थगित ठेवलेली शिक्षा झाली होती. तिच्या आधारावर ट्रान्सवालच्या लॉ सोसायटीने, म्हणजे वकिलांच्या संघटनेने, १९५४ मध्ये अर्ज केला : यांचं नाव वकिलांच्या यादीतून काढा. वॉल्टर पोलाक यांनी मंडेलांची बाजू फी न घेता मांडली. न्यायमूर्ती रॅम्सबॉटम यांनी अर्ज फेटाळला आणि खर्च लॉ सोसायटीवर घातला. निकालाचं सूत्र असं : कायदा मोडला एवढ्यावरून माणूस वकिलीला नालायक ठरत नाही. त्या कृतीत वैयक्तिक अप्रामाणिकपणा, लांच्छनास्पद वर्तन होतं का, हे बघायचं.

आपल्याकडे तुलना जवळची आहे. गांधीजींना १९२२ मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाल्यावर लंडनच्या इनर टेंपलने त्यांचं नाव काढून टाकलं आणि १९८८ मध्ये, मरणोत्तर, परत घेतलं. आजच्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमधलं कलम २४-अ सनदेची अपात्रता 'नैतिक अधःपतन' असलेल्या गुन्ह्याशी जोडतं, आणि सुटकेनंतर दोन वर्षांनी ती संपते. आंदोलनात गुन्हा दाखल झाला म्हणून लॉ करायला घाबरणाऱ्या मुलांनी हे कलम शांतपणे वाचावं. तिथेही प्रश्न कृतीच्या स्वरूपाचा आहे.

जुनी_पेठ
पक्षकार एक म्हणतो आणि वर्णद्वेषाविरुद्धची चळवळ दुसरं म्हणते, अशी वेळ आली का?

कारकून
आली, ऑक्टोबर १९५८ मध्ये. बायकांनाही पासची सक्ती होऊ लागली होती. जोहान्सबर्गच्या पास ऑफिससमोर निदर्शनं करणाऱ्या शेकडो बायका पकडल्या गेल्या. ऑफिसला निरोप आला, जामिनाचं बघा. लिलियन न्गोयी आणि इतर पुढाऱ्यांचं म्हणणं, जामीन घ्यायचाच नाही, तुरुंग भरू द्या. पण आतल्या पुष्कळ बायकांना घरी जायचं होतं. तुरुंगात राहावं लागेल याची तयारी करून त्या आल्याच नव्हत्या. मंडेलांनी मधला मार्ग सुचवला : पंधरा दिवस आत राहू द्या, मग जामिनावर सोडवू. तो मान्य झाला. एकीकडे चळवळीचा पुढारी, दुसरीकडे अ‍ॅटर्नी. पक्षकाराचं म्हणणं त्यांनी चळवळीखाली दडपलं नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

तांबडी_माती
ऑफिस बंद कसं पडलं तेही लिहा.

कारकून
डिसेंबर १९५६ मध्ये देशद्रोहाचा खटला सुरू झाला, आरोपी १५६. मंडेला आणि टांबो दोघेही त्यात. वकीलच रोज आरोपीच्या बाकावर बसले तर पक्षकार किती दिवस थांबणार? येणारे कमी झाले, पैशाची ओढाताण सुरू झाली. मार्च १९६० मध्ये टांबो देशाबाहेर गेले, आणीबाणीत मंडेला अटकेत. आवराआवर करायला शनिवार-रविवारी पोलीस पहाऱ्यात त्यांना ऑफिसात आणलं जाई. पुढे काही काळ चळवळीतले सहकारी अहमद कथराडा यांच्या फ्लॅटमधून, खोलवाड हाउस, नंबर १३, त्यांनी एकट्याने खटले घेतले. खोलवाड म्हणजे आपलं सुरत जिल्ह्यातलं गाव. तिथल्या लोकांनी उभारलेली ती इमारत.

जुनी_पेठ
इतकं करून कायदा तर तसाच राहिला.

निवाडा
त्या काळात राहिला. पण 'सलग' या शब्दावरची भांडणं संपली नाहीत. १९७९ मध्ये आर्थर चास्कलसन यांनी लीगल रिसोर्सेस सेंटर ही गरिबांचे खटले लढणारी संस्था काढली. मंडेलांना जन्मठेप झाली त्या रिव्होनिया खटल्यात बचावाच्या वकिलांमध्ये होते तेच हे चास्कलसन. १९८० च्या कोमानी खटल्यात ठरलं की कलम १०(१)(क) खाली बायकोला नवऱ्याबरोबर राहण्याचा हक्क आहे आणि नियम काढून तो मारता येणार नाही. १९८३ मध्ये जर्मिस्टनच्या रिखोटो या कामगाराचा निकाल आला. तो एकाच मालकाकडे दहा वर्षांहून जास्त काळ होता, पण दर वर्षी गावी पाठवून नवा करार करायला लावत. सरकार म्हणे, दर वर्षी खंड पडला. अपील न्यायालय म्हणालं, काम सलगच आहे. हा तोच मुद्दा, तेच कागद : मालकाची पत्रं आणि पुस्तकातले शिक्के. १९८६ मध्ये हे कायदे रद्द झाले.

रिंगसाइड
तालमीची एक नोंद राहिली. रॉबेन बेटावरच्या तुरुंगात, मंडेलांच्या कोठडीतही जुना क्रम चालू होता. जागच्या जागी पंचेचाळीस मिनिटांपर्यंत धावणं, बोटांच्या टोकांवर १०० जोर, २०० सिट-अप, ५० बैठका. वारही ओर्लँडोचेच ठेवलेले, सोमवार ते गुरुवार. पुढचे तीन दिवस विश्रांती.